पुराव्याचे ओझे

रणांगणावर पाय गमावलेल्या सैनिकाला आपली जखम सिद्ध करावी लागत नाही, ती दिसते. पण जी जखम घरी परतून संसाराला लागल्यावर, दहा-पंधरा वर्षांनी एखाद्या गाठीच्या रूपाने प्रकट होते, तिचे काय? ती युद्धानेच दिली हे सिद्ध कोणी करायचे, सैनिकाने की सरकारने? व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकी सैनिकांचा स्वतःच्याच सरकारशी चाललेला प्रदीर्घ झगडा या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी सैन्याने दक्षिण व्हिएतनाममधील अरण्यांवर आणि शेतांवर सुमारे दोन कोटी गॅलन तणनाशके फवारली. शत्रूला लपायला झाडी आणि खायला धान्य उरू नये, हा हेतू. त्यांतील सर्वाधिक वापरले गेलेले मिश्रण पिंपांवरील नारिंगी पट्ट्यामुळे ‘एजंट ऑरेंज’ या नावाने कुप्रसिद्ध झाले. त्यात डायऑक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य मिसळलेले असे.

माजी सैनिकांसाठी अमेरिकेत १९३० पासून स्वतंत्र खाते आहे आणि त्याची स्वतःची रुग्णालये आहेत. मात्र भरपाई हवी असेल, तर आजार ‘लष्करी सेवेशी निगडित’ असल्याचे दाखवावे लागते. गोळी लागल्याची नोंद लष्करी दप्तरात सापडते. फवारलेल्या रानातून चालत गेल्याची नोंद कोण ठेवणार?

१९७७ मध्ये या खात्याच्या शिकागो कार्यालयातील मॉड डिव्हिक्टर या कर्मचारी महिलेने अशा आजारी सैनिकांची प्रकरणे एकत्र करायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी त्यावर दूरचित्रवाणीने माहितीपट दाखवला आणि प्रश्न चव्हाट्यावर आला. १९८१ च्या कायद्याने रुग्णालयांचे दार या सैनिकांसाठी उघडले खरे. पण भरपाईच्या बाबतीत खाते क्लोरॲक्ने या त्वचाविकारापलीकडे काही मान्य करीना. १९८४ मध्ये रसायन कंपन्यांनी १८ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला, तोही दोष मान्य न करता. अखेर १९८९ मध्ये न्यायालयानेच खात्याचे नियम रद्द ठरवले. पुराव्याची अपेक्षा कायद्यात नव्हती इतकी कडक ठेवली होती, असा त्या निकालाचा आशय.

या कथेतील सर्वांत करुण व्यक्ती म्हणजे ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट. १९६८ ते १९७० या काळात व्हिएतनाममधील अमेरिकी नौसेनेचे ते प्रमुख. नदीकाठच्या झाडीतून नावांवर होणारे हल्ले थांबावेत म्हणून त्यांनी तेथे फवारणी करवून घेतली. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा गस्तीच्या नावेवर अधिकारी होता. १९८८ मध्ये तो कर्करोगाने गेला. फवारणीने अनेक खलाशांचे प्राण वाचले, असे पित्याचे मत अखेरपर्यंत कायम होते. आणि आपला मुलगा तिनेच गेला, असेही त्यांना वाटत होते. १९९० मध्ये त्यांनी सरकारला अहवाल दिला: आधीच्या संशोधनात गंभीर दोष आहेत, आणि संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे.

१९९१ च्या कायद्याने अखेर पारडे फिरवले. जो व्हिएतनामच्या भूमीवर होता, त्याचा विषाशी संपर्क आला असे गृहीत धरायचे. आणि यादीतील आजार त्याला झाला, तर तो सेवेमुळेच झाला असे मानायचे. यादी हळूहळू वाढली. २००१ मध्ये मधुमेह, २०१० मध्ये पार्किन्सन आणि हृदयविकार तीत आले. किनाऱ्यापासून दूर जहाजांवर असलेल्या नौसैनिकांना मात्र २०१९ पर्यंत थांबावे लागले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मधुमेह उतारवयात कोणालाही होतो; मग सरसकट गृहीत धरणे शास्त्रीय कसे? आक्षेप चुकीचा नाही. परंतु शास्त्राला निश्चिती येईपर्यंत थांबता येते, रुग्णाला येत नाही. शिवाय फवारणीचे नकाशे, तुकड्यांच्या नोंदी, रसायनांची माहिती हे सारे ज्याच्या दप्तरात होते, त्याने रिकाम्या हातांच्या माणसाकडे पुरावा मागावा, यात न्याय तो कोणता?

इराक-अफगाणिस्तानातील जळत्या कचराखड्ड्यांच्या धुराबाबत हेच तत्त्व २०२२ च्या कायद्याने स्वीकारले. ज्यांच्या रानांवर हा फवारा पडला त्या व्हिएतनामी माणसांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. त्यांच्यासाठी काहीही गृहीत धरले गेले नाही.