दह्याचा डबा
(सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेल्या स्वातंत्र्यदिनी आमच्या अंगणात शेगडी पेटली होती. नातवाने कोंबडीचे तुकडे मुरवण्यासाठी दह्याचा डबा उघडला. त्याच्या आजीने तो निमूटपणे पुन्हा झाकून ठेवला. तेव्हा त्याने मला विचारले, "आजोबा, कोंबडी कुठे दूध देते? मग दह्याने काय बिघडते?" मी एवढेच म्हणालो, "आपल्यात चालत नाही." ते उत्तर अपुरे होते. आज ते पुरे करण्याचा प्रयत्न करतो.

करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, अशी आज्ञा तोरेत तीन ठिकाणी आली आहे. त्या शब्दांत पक्ष्याचा उल्लेख नाही. गालीलमधील रब्बी योसे यांच्या गावी लोक कोंबडीचे मांस दुधात खात, अशी नोंद तालमूदमध्येच आहे. पुढे मांसामांसांत लोकांची गफलत होऊ नये म्हणून रब्बींनी पक्ष्यालाही तोच नियम लावला आणि तो सर्वत्र रूढ झाला. माझ्या नातवाचा प्रश्न असा फार जुना आहे.

विस्तवावर भाजलेल्या मांसाशी आपले नातेही तितकेच जुने. पेसाहचे कोकरू उकडायचे नाही, विस्तवावरच भाजायचे, अशी आज्ञा होती. मिश्नेप्रमाणे त्यासाठी डाळिंबाच्या लाकडाची सळई घेत. लोखंड तापते आणि मग मांस विस्तवाऐवजी लोखंडाच्या उष्णतेने भाजले जाते, म्हणून धातूची सळई वर्ज्य होती. इ. स. ७० मध्ये मंदिराचा विध्वंस झाला आणि तो यज्ञ थांबला. ते त्या यज्ञाचे मांस वाटू नये म्हणून अनेक समाजांत सेदरच्या रात्री भाजलेले मांस खात नाहीत.

कोकणातील आपल्या पूर्वजांजवळ शतकानुशतके तालमूद नव्हता. तरीही शनिवारी त्यांचा घाणा बंद राही, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. सुंता, शेमा, खवले व पर असलेलीच मासळी, हे सारे घराघरांतून टिकले. तेथे 'आपल्यात चालत नाही' हे वाक्यच ग्रंथाचे काम करीत होते.

त्या स्वयंपाकघराला नारळाची मोठी साथ होती. नारळाचे दूध हे दूध नव्हे. ते मटणाच्या रश्श्यातही चालते आणि रोश हाशानाच्या चिकाच्या हलव्यातही. १९५० आणि १९६०च्या दशकांत आपली माणसे लोद, रामले, बेरशेबा, दिमोना येथे आली. कोळशाच्या शेगडीला येथे 'मंगल' म्हणतात. शब्द तुर्कांकडून आलेला, पण मराठी कानाला तो शुभच वाटला. शेगडी या देशाची, वाटण मात्र आपले.

आमच्या घरी हळद, तिखट, धने-जिरे, आले-लसूण व कोथिंबीर यांचे वाटण लिंबाचा रस, थोडे तेल आणि नारळाचे दाट दूध यांत कालवतात. बोकडाच्या मांसाला किंचित कच्ची पपई लावतात, पण तासाभरापुरतीच. अधिक वेळ ठेवल्यास मांसाचा लगदा होतो. मीठ बेताने घालावे. काशेर करताना मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात ठेवून तीनदा धुतलेले असते, तरी थोडा खारटपणा उरतोच. कलेजी या सळईत ओवू नये. तिच्यात रक्त फार. मीठ लावून ती वेगळी, उघड्या विस्तवावर भाजावी लागते. केवळ मिठाने ती काशेर होत नाही.

कोकणात मूल आजीच्या हाताकडे पाहून शिकत असे. येथे ते शाळेतून प्रश्न घेऊन घरी येते, आणि यात त्याचा दोष नाही. आजीने डबा झाकला तो योग्यच होता. पण तो का झाकला, हे आपण सांगितले नाही, तर उद्या तिच्या माघारी तो डबा कोणीही उघडील, आणि आपण काय सोडले हे त्याला कळणारही नाही.

येत्या स्वातंत्र्यदिनी नातू पुन्हा शेगडीजवळ बसेल. या वेळी सळया ओवता ओवता मी त्याला गालीलच्या त्या गावाची गोष्ट सांगणार आहे. नारळ त्याने खवावा, अशी अट घातली आहे.