किशोरवयीन मातृत्व, परभणी जिल्ह्यातील

किशोरवयात, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी येणारे मातृत्व. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत व दक्षिण आशियात ते विशेष आढळते. लॅटिन अमेरिकेत अशी पुष्कळ अपत्ये विधिवत विवाहाविना होतात. भारतात मात्र ते बहुतांशी बालविवाहातून उद्‌भवत असल्याने त्याचा इतिहास हा मुख्यतः विवाहवयाचा इतिहास होय.

पूर्वी मुलीचे लग्न न्हाण येण्याआधी होई व न्हाण आल्यावर ती सासरी नांदावयास जाई. मुंबई इलाख्यात बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांमुळे (१८८४) व रखमाबाईंच्या खटल्यामुळे (१८८४–८८) या प्रथेवर वादंग माजले. लोकमान्य टिळकांचा विरोध असतानाही १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा झाले. सारडा कायद्याने (१९२९) वधूचे किमान वय चौदा ठरविले. तथापि हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १९४८ मधील विलीनीकरणानंतरच भारतीय कायदे येथे क्रमाने आले. १९७८ मध्ये वयोमर्यादा अठरा झाली.

पुढे धार्मिक कारण मागे पडले. दारिद्र्य व स्थलांतर पुढे आले. गंगाखेड, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती जोडप्यास. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. वयात आलेल्या मुलीस गावी एकटे ठेवण्याची धास्ती व नव्या कोयत्याची गरज या दोहोंमुळे लग्न लवकर उरकले जाते. केवळ अज्ञानाला दोष देणारे विवेचन येथे अपुरे पडते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सु. २२ टक्के होते. बांगला देशाच्या सु. ५१ टक्क्यांशी ते जवळचे आहे.

कोवळ्या वयात कटिभागाची वाढ अपुरी असल्यास प्रसूती अडते. रक्तक्षय, गर्भाक्षेपक व कमी वजनाचे मूल हे धोकेही वाढतात. शाळा तर लग्नाबरोबरच सुटते. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार अठरा वर्षांखालील गर्भवतीची वर्दी रुग्णालयाने पोलिसांस द्यावी लागते. कायद्याचा हेतू संरक्षणाचा असला, तरी पती व वडील अडचणीत येतील या भीतीने मुलीचे वय वाढवून सांगण्याकडे व तपासणी टाळण्याकडे कल होतो. ज्या गर्भवतीस वैद्यकीय देखरेखीची निकड सर्वाधिक, तीच नोंदीबाहेर राहते.