लूट कोणाची?

मे २००४. कॉलेजची परीक्षा संपवून मी सुट्टीला मामाकडे मोडनिंबला गेलो होतो. बाहेर पुणे-सोलापूर हायवेवर ट्रकांची घरघर, आत मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, मध्ये एक केबल आणि डायब्लो-२. भारनियमनाचे तास सोडले तर आम्ही दिवसरात्र राक्षस मारत होतो. दादा ॲमेझॉन (धनुष्यवाली), मी बार्बेरियन (कुऱ्हाडवाला).

एका रात्री मोठा राक्षस मेला आणि जमिनीवर सोनेरी अक्षरांत धनुष्य पडलं. मला त्याचा उपयोग शून्य. पण माझं क्लिक आधी पडलं!

"आरं, धनुष्य घिऊन तू काय करणार हायेस?" दादा म्हणाला.

मी दिलं नाही. का, ते आजही सांगता येत नाही. उरलेली सुट्टी दादा माझ्याबरोबर खेळला नाही.

चूक माझीच. पण थोडी प्रोग्रामचीही :-) २००० साली आलेल्या डायब्लो-२ मध्ये प्रत्येक राक्षसाला एक कोष्टक जोडलेलं असतं. राक्षस मेला की कोष्टकावर फासे पडतात. एका कोष्टकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि शेवटी वस्तू. या सगळ्यात राक्षस मारणाऱ्याच्या हातात कुऱ्हाड आहे की धनुष्य, हे कुणी विचारतच नाही. वस्तू सगळ्यांसमोर पडते, ज्याचा हात आधी त्याची.

आता गंमत बघा. लूट हा शब्द इंग्रजीत गेला तो आपल्याकडूनच, आणि ती वाटायची कशी हा प्रश्नही आपल्याकडे जुनाच. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा कायदा दिला आहे. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची, परतल्यावर झडती घ्यायची. जास्त निघेल ते सरकारजमा, नाहीतर पगारातून वळतं. शिपायाला ठरलेला पगार. म्हणजे ज्याचा हात आधी त्याची, हा नियमच मोडीत!

गेमवाल्यांना मात्र हे परवडणारं नव्हतं. सरकारजमा लुटीसाठी रात्र कोण जागवेल? मे २०१२ मध्ये डायब्लो-३ आला तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. प्रत्येकाला आपापलीच लूट दिसणार. भांडण मिटलं, पण फासे आंधळेच राहिले. फक्त बार्बेरियनला पेलणारं शस्त्र पडायचं आणि त्यावर गुण मात्र जादूगाराच्या कामाचे! नको ते विका आणि हवं ते घ्या म्हणून लिलावघर होतं, खऱ्या पैशांचंसुद्धा. झालं असं, की लोक राक्षस मारायचे सोडून बाजारात बसले. शेवटी मार्च २०१४ मध्ये कंपनीने लिलावघर बंद केलं. त्याच्या थोडं आधी, फेब्रुवारीत, नवी पद्धत आली. आता फासे टाकताना प्रोग्राम तुमचा वर्ग बघतो आणि पारडं तुमच्या बाजूला झुकवतो.

मग शंभर टक्के का नाही झुकवत? कोड लिहायला तर सोपं आहे. अडचण वेगळीच आहे. सगळं मापाचंच मिळालं तर चार दिवसांत पेटी भरते आणि खेळ संपतो. शिवाय प्रोग्रामला तुम्ही आज कोण आहात एवढंच कळतं. उद्या तुम्हाला कुऱ्हाड टाकून काही वेगळं करून बघावंसं वाटेल, हे त्याला कुठून कळणार? म्हणून थोडी नको असलेली लूट मुद्दाम ठेवलेली आहे. आणि एक छोटी खिडकीसुद्धा: भारी वस्तू एरवी तुमच्याच खात्याला बांधलेली, पण पडल्यापासून दोन तासांत सोबत खेळणाऱ्याला देता येते.

त्या वर्षी दिवाळीत मी पुण्याहून आणि दादा मोडनिंबहून ऑनलाईन खेळत होतो. माझ्या बार्बेरियनला धनुष्य पडलं. दादाच्या स्क्रीनवर ते दिसतच नव्हतं. मी गुपचूप खिशात घातलं असतं तर त्याला कधी कळलंही नसतं. मी ते त्याच्या पायाशी टाकलं.

बराच वेळ चॅटवर काही आलं नाही. मग एकच ओळ आली, "तुला नको हाय का?"

"मला काय करायचंय धनुष्य घेऊन?" मी लिहिलं.

असो. उद्या सोमवार.