आकडा कोणाच्या हातात? एका चर्चासत्राचा इतिहास आणि आपले संशोधक

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. त्या निबंधात काय म्हटले आहे यावर आपण भरपूर बोलतो, आणि बोललेच पाहिजे. पण तो जिथे वाचला गेला त्या 'सेमिनार' नावाच्या गोष्टीबद्दल आपण फारसे बोलत नाही. विद्यार्थी आपले लेखन पुढे ठेवतो, बरोबरीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक त्याला प्रश्न विचारतात, आणि तोही त्यांना उलट प्रश्न विचारू शकतो. ज्या समाजाला सभेच्या दाराबाहेर उभे करण्यात शतके गेली, त्या समाजातल्या विद्यार्थ्याला ही जागा मिळणे काही छोटी गोष्ट नव्हती.

आज आम्ही अशाच एका चर्चासत्राचा इतिहास सांगणार आहोत. विषय ऐकून आपले बरेच कार्यकर्ते मान फिरवतील. विषय आहे माहिती प्रणाली, म्हणजेच इन्फर्मेशन सिस्टिम्स. आपल्याकडे समज असा की हे काम आयटीवाल्यांचे, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? पण रेशन दुकानात अंगठा घेणारे यंत्र ही माहिती प्रणालीच आहे. शिष्यवृत्तीचे पोर्टल, जात पडताळणीची फाईल, ऑनलाइन सातबारा, हेही तेच. संगणक कसा बनवायचा हा या विषयाचा मुख्य प्रश्न नाही. काय नोंदवायचे, कोणत्या रकान्यात, ते कोणी पाहायचे आणि त्यावरून निर्णय कोणी घ्यायचा, हे त्याचे प्रश्न. आता सांगा, हे आपले प्रश्न आहेत की नाहीत?

अमेरिकेत हा विषय विद्यापीठात आला तो व्यवस्थापनाच्या दारातून. मिनेसोटा विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यात पीएच.डी. सुरू झाली. १९८० मध्ये फिलाडेल्फियात या विषयाची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि ती आजही दरवर्षी भरते. तिच्याला जोडून पीएच.डी.च्या निवडक विद्यार्थ्यांसाठी वेगळे शिबिर असते. त्या परंपरेत विचारला गेलेला मुख्य प्रश्न असा: मॅनेजरला योग्य माहिती वेळेवर कशी मिळेल? प्रश्न चुकीचा नाही, पण तो एका खुर्चीवर बसून विचारलेला आहे.

दुसऱ्या खुर्चीवरून, खरे तर मशीनच्या बाजूला उभे राहून, प्रश्न विचारला गेला तो उत्तर युरोपात. त्याची सुरुवात नॉर्वेत झाली. क्रिस्टन न्यूगार्ड हे तिथले गणिती. ओले-योहान डाल यांच्यासोबत त्यांनी सिम्युला ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. आज आयटीत काम करणारी आपली मुले-मुली ज्या जावा किंवा सी प्लस प्लस मध्ये कोड लिहितात, त्यांचे मूळ तिथे आहे. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो मात्र दुसऱ्या कारणाने. आपण बनवलेल्या साधनाने कारखान्याचे मालक कामगारांच्या कामाचे नियोजन करतात आणि कामगाराला त्यात काही बोलता येत नाही, हे न्यूगार्ड यांच्या लक्षात आले. मग ते गेले लोखंड व धातू कामगारांच्या युनियनकडे.

१९७१ ते १९७३ या काळात हा प्रकल्प चार कारखान्यांत चालला. सुरुवातीची कल्पना नेहमीचीच होती, की तज्ज्ञ अभ्यास करतील, अहवाल लिहितील आणि तो युनियनला देतील. काही काळातच सगळ्यांच्या लक्षात आले की अशाने कामगाराच्या हाती कागद तेवढा पडेल. तेव्हा त्यांनी प्रकल्पाच्या 'निष्कर्षा'ची व्याख्याच बदलली. स्थानिक युनियन या प्रकल्पाच्या मदतीने स्वतःची ताकद वाढवण्यासाठी जे काही करील, तोच निष्कर्ष. कामगारांसाठी पाठ्यपुस्तके लिहिली गेली, कारखान्यांत अभ्यासगट बसले, आणि मालक कोणती यंत्रणा आणतो आहे, ती आपल्या कामाचे काय करील, याची तपासणी कामगारांनी स्वतः केली. प्रबंध कपाटात ठेवून पदवी घरी नेणाऱ्या विद्वानांनी ही व्याख्या जरूर वाचावी.

याचे पुढे काय झाले? १९७५ मध्ये नॉर्वेतील कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात संगणक प्रणालींविषयी राष्ट्रीय पातळीवरचा करार झाला. नवी प्रणाली आणण्याआधी कामगारांना समजेल अशा भाषेत माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले, आणि या कामासाठी कामगारांना आपला खास प्रतिनिधी निवडता येऊ लागला. १९७७ च्या कामाच्या परिस्थितीविषयीच्या कायद्यातही हा हक्क आला. ज्याच्यावर प्रणाली चालवायची त्याला ती आधी समजावून सांगा, एवढीच ती मागणी होती. आपल्याकडे रेशनचे यंत्र बसवताना कोणत्या वस्तीत हे झाले?

नॉर्वेचे पाहून स्वीडनमध्ये १९७५ मध्ये 'डेमोस' आणि डेन्मार्कमध्ये १९७७ मध्ये 'ड्यूए' हे प्रकल्प सुरू झाले. १९८१ मध्ये छपाई कामगारांच्या युनियनसोबत 'युटोपिया' आला. छापखान्यात संगणक येणार आणि कंपोझिटरचे कौशल्य मोडीत निघणार, अशी भीती होती. संशोधक आणि कामगार एकत्र बसले. यंत्रे महाग असल्याने त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडून 'हा प्रिंटर, हा पडदा' असे धरून कामाची रंगीत तालीम केली. हसण्यासारखे वाटेल, पण पुठ्ठ्याच्या प्रिंटरपुढे इंजिनिअर आणि कामगार सारखेच असतात. खऱ्या यंत्रापुढे इंजिनिअर बोलतो आणि कामगार ऐकतो. त्याच दशकात ओस्लोत 'फ्लॉरेन्स' प्रकल्पात दोन संशोधक स्त्रियांनी रुग्णालयातल्या नर्सेसबरोबर काम केले. नर्सेसना वॉर्डात रोज काय लागते हे त्यांच्याकडून शिकत त्यांनी प्रणाली उभी केली.

या वातावरणात १९७८ मध्ये फिनलंडमधील टॅम्पेरे येथे एक चर्चासत्र भरले. पुढे ते 'इरिस' या नावाने ओळखले जाऊ लागले. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क असे आळीपाळीने ते ऑगस्टमध्ये भरत आले आहे. त्याची रीत महत्त्वाची. लेख आधीच पाठवायचा. माणसांचे छोटे गट पाडायचे. गटातल्या प्रत्येकाने इतरांचे लेख वाचून यायचे आणि मग एकेका लेखावर सावकाश चर्चा करायची. पीएच.डी.चा विद्यार्थी आणि ज्येष्ठ प्राध्यापक एकाच टेबलाभोवती. आपल्याकडची चर्चासत्रे आठवून पाहा: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे तासभर भाषण, आणि संशोधक विद्यार्थ्याला सात मिनिटे, तीही जेवणाच्या आधीची. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना. या इरिसमधूनच १९८९ मध्ये विषयाचे स्वतंत्र संशोधन नियतकालिक निघाले.

इरिस हे काही कामगारांचे संमेलन नव्हते. ते अभ्यासकांचेच होते. पुढच्या काळात युनियनचा जोर ओसरला तसा त्या विषयातला 'कामगार' जाऊन 'युजर' आला, आणि 'युजरचा सहभाग' हा शब्द कंपन्यांनीही उचलला. शब्द पळवले जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. 'समता'चे 'समरसता' कसे झाले ते आपण पाहिले आहे. तरीही युनियनच्या बैठकीतून आलेले तरुण अभ्यासक विद्यापीठाच्या टेबलावर बसले आणि त्यांनी विषयाचे प्रश्न बदलले, हे खरेच.

त्या परंपरेचे एक वैचारिक मूळ स्वीडनच्या ब्योर्ये लांगेफोर्स यांच्याकडे जाते. १९६६ मध्ये त्यांचा या विषयावरचा ग्रंथ आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नोंद म्हणजे माहिती नव्हे. नोंद, ती वाचणाऱ्याचे आधीचे ज्ञान आणि वाचायला मिळालेला वेळ, या तिन्हींतून माहिती तयार होते. फॉर्मवर 'पारंपरिक व्यवसाय' असा रकाना असतो. कारकुनाला तो रकाना दिसतो. आपल्या आजीला त्यात गावकीचे सगळे काम दिसते.

बाबासाहेबांनी हे प्रत्यक्ष भोगले होते. १९३२ मध्ये ते लोथियन मताधिकार समितीचे सदस्य होते. तोपर्यंत शिरगणतीत कोट्यवधी अस्पृश्य नोंदले जात होते आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. पण आता आकड्यावर प्रतिनिधित्व मिळणार, असे दिसताच संयुक्त प्रांत आणि बंगालमधून आकडे कोसळू लागले. कोटीच्या पुढचा आकडा काही लाखांवर आणि त्याहूनही खाली आणला गेला. माणसे तीच, वस्त्या त्याच, बदलली ती 'अस्पृश्य कोणाला म्हणायचे' याची व्याख्या. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स'.

आणि ते संपलेले नाही. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेत ग्रामीण भागात हाताने मैला उचलण्याच्या कामात असलेली १ लाख ८० हजारांहून अधिक कुटुंबे नोंदली गेली. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात होती. पुढे २०१३ आणि २०१८ च्या सर्वेक्षणांत देशभरात मिळून ५८,०९८ माणसे 'निश्चित' झाली. मधली माणसे कुठे गेली? निकष, पडताळणी, जिल्ह्याने पाठवलेला 'निरंक' अहवाल, या सगळ्यात ती गेली. पीएच.डी.चा विषय शोधणाऱ्या आपल्या मित्रांनो, हा घ्या विषय.

असे काम होऊ शकते याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णभेदी राजवटीत तिथे चौदा आरोग्य खाती होती, वंशाप्रमाणे आणि 'होमलँड'प्रमाणे वेगवेगळी. नोंदीही वेगळ्या, त्यामुळे काळ्या वस्तीत आणि गोऱ्या वस्तीत काय फरक आहे हे एका कागदावर दिसतच नसे. १९९४ नंतर न्यूगार्ड यांच्याच ओस्लो परंपरेतले योर्न ब्रा आणि स्थानिक कार्यकर्ते-अभ्यासक यांनी दवाखान्याच्या पातळीवरून नोंदींचा एकच किमान संच ठरवण्याचे काम हाती घेतले. त्यातून तयार झालेली मुक्त प्रणाली आज सत्तरहून अधिक देशांत चालते. २००० साली हे काम भारतात आंध्र प्रदेशातील कुप्पम येथे आले. आफ्रिका आणि आशियातल्या अनेक विद्यार्थ्यांनी या कामावर ओस्लोत पीएच.डी. केली. नर्सच्या रजिस्टरवर प्रबंध होतो, हे लक्षात घ्या.

आपल्याकडचे संशोधक बार्टीची फेलोशिप मिळावी म्हणून आझाद मैदानात बसले. ती लढाई योग्यच होती आणि आहे. पण फेलोशिप मिळाल्यावर विषय कोणता घ्यायचा, हाही चळवळीचा प्रश्न मानायला हवा. आंबेडकरी साहित्यावर प्रबंध झाले, आणखी होतील. डेटावर किती झाले?

वेळ थोडा आहे. जनगणनेत जात नोंदवण्याचा केंद्र सरकारचा निर्णय ३० एप्रिल २०२५ ला जाहीर झाला. २०२७ ची ही जनगणना मोबाइल ॲपवर होणार आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. २०११ च्या गणनेत जातींची ४६ लाख नावे आली, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले आणि तो डेटा वापरण्यालायक नाही म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे नावे लिहून घेतली, पण ती कशी जुळवायची हे ठरवले नव्हते. आता ॲपमध्ये यादी असेल की मोकळी जागा? 'धर्म : बौद्ध' लिहिणाऱ्या घराला १९९० च्या दुरुस्तीने मिळालेला अनुसूचित जातीचा हक्क त्या पडद्यावर नीट उमटेल का? प्रगणकाच्या प्रशिक्षणात हे कोण सांगणार? तालुक्यातल्या पाच-दहा संशोधकांनी एका बुद्धविहारात बसावे, यादी आधी वाचून यावी, आणि प्रत्येक रकान्यावर सावकाश चर्चा करावी. पुठ्ठ्याचा मोबाइलही चालेल.