खजूर, खारीक आणि बोरगावचा पाहुणचार

खजूर आपला नव्हे, असे ठासून सांगणारी माणसे हल्ली वरचेवर भेटतात. बोरगावला आमच्या आतेबहिणीकडे जेवणानंतर भरलेला गरम खजूर पुढे आला, तेव्हा पंगतीतल्या एका गृहस्थांनी ताटली बाजूला सारली. म्हणाले, "हे रमजानातले. आपल्यात कुठे असते?" त्याच दिवशी घरात भाचीची ओटी भरली होती आणि ओटीत नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम यांच्याबरोबर खारीक होती. पाहुण्याशी वाद घालू नये म्हणून मी गप्प बसलो. पण हिशेब मांडायला काय हरकत आहे?

बोरगाव हे निपाणी आणि इचलकरंजी यांच्या मधल्या पट्ट्यातले, दूधगंगेच्या खोऱ्यातले गाव. राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव (कागदोपत्री आता बेळगावी), घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही. शिवारात ऊस आणि तंबाखू. खजुराचे फळ देणारे झाड मात्र औषधालाही सापडायचे नाही. आपल्याकडे ओढ्याकाठी दिसते ती शिंदी, खजुराची रानटी बहीण. तिच्यापासून नीरा मिळते, गूळ होतो, पण फळ म्हणजे बी आणि त्यावर नावाला गर. खऱ्या खजुराला मुळाशी पाणी आणि डोक्यावर कोरडे कडक ऊन लागते. फळ पिकायच्या वेळी पाऊस आला की ते कुजते, आणि आपला पाऊस नेमका तेव्हाच येतो. कच्छमध्ये खजुराच्या बागा आहेत खऱ्या, पण तिथलेही शेतकरी बरेचसे फळ पाऊस लागायच्या आत, पिवळे-तांबडे आणि करकरीत असतानाच उतरवून विकतात. तेव्हा मऊ काळा खजूर आपल्याकडे यायचा तो समुद्रावरूनच.

आणि तो फार आधीपासून येतो आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात इराणी आखाताकडच्या बंदरांतून भडोचला जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात मोती, मद्य, सोने, गुलाम यांच्या जोडीला पुष्कळसा खजूर आहे. म्हणजे इस्लामच्या उदयापूर्वी सुमारे साडेपाचशे वर्षे! चरकसंहितेत श्रम घालवणारी दहा द्रव्ये सांगितली आहेत. द्राक्षे, डाळिंब, ऊस, बोरे यांच्या पंक्तीत तिथे खजूर बसला आहे. दमून आलेल्या पाहुण्यापुढे खजूर ठेवायला याहून जुना आधार कुणाला हवा असेल, तर तो त्याने स्वतः शोधावा.

आम्हा गोवेकरांचा या गोष्टीशी संबंध घोड्यांमुळे येतो. विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही लढाईसाठी अरबी घोडे हवे असत आणि ते होर्मुझहून गोव्यात उतरत. १५१६ च्या सुमारास लिहिणारा पोर्तुगीज दुआर्त बार्बोझा सांगतो की, होर्मुझहून घोडे नेणाऱ्या जहाजांत मीठ, खजूर, मनुका आणि गंधकही भरलेले असे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५१५ मध्ये होर्मुझ कायमचे ताब्यात आणले आणि १६२२ पर्यंत राखले. त्या शंभरेक वर्षांत या वाटेची दोन्ही टोके एकाच राजाच्या हाती होती. शाळेत आपण घोडे शिकलो, तोफा शिकलो. घोड्यांच्या शेजारी रचलेला खजूर कुणी शिकवला नाही.

खारकेची गोष्ट तर याहून गमतीची आहे. पुष्कळांना वाटते, खजूर वाळवला की खारीक होते. तसे नाही. ओमानमध्ये काही जातींचा खजूर पुरता पिकण्याआधीच, पिवळा असताना उतरवतात, मोठ्या तांब्याच्या कढयांत उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. या कामाला तिथे 'तब्सील' म्हणतात. हा उकडून वाळवलेला माल पिढ्यानपिढ्या मुख्यतः हिंदुस्थानसाठीच तयार होत आला. आपल्या बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात, पूजेच्या विड्यावर, लेकीच्या ओटीत जी खारीक असते, तिच्यातली कितीतरी अशा एखाद्या अरबाच्या कढईतून निघालेली. हे कळल्यावर ओटी बाटली असे कुणी म्हणाले, तर ती पणजीच्या पणजीपासून बाटलेली आहे.

आता बोरगावच्या ताटलीकडे वळू. बहिणीची कृती अगदी सोपी. मऊ, पण लगदा न झालेला खजूर घ्यायचा, उभी चीर देऊन बी काढायची. किसलेले सुके खोबरे आणि खसखस कोरडीच भाजायची, काजूची जाडसर भरड आणि वेलची घालायची आणि चमचाभर खव्याने सारण बांधायचे. साखर अजिबात नाही. खजुराच्या गरात निम्म्याहून अधिक साखरच असते, वर आणखी कशाला? खजूर भरून, दाबून, जाड तव्यावर थोड्या तुपात मंद आचेवर दोन-तीन मिनिटे उलटसुलट करायचा. आच वाढली की साल लगेच करपते आणि कडू लागते. "दादा, गप्पा नंतर, आधी खा," असे ती म्हणते त्याला कारण आहे. तूप थिजले की खजूर टाळ्याला चिकटतो आणि सारणाची चव झाकली जाते.

सारण बेळगावकडचेच वाटते. गोकाकच्या प्रसिद्ध करदंटात गूळ, डिंक, सुका मेवा आणि खारीक असते, त्याचीच ही घाईची धाकटी बहीण म्हणा. काजू मी गोव्याहून नेलेले असतात. तेही मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलेले. पण काजूला परका म्हणणारा गोवेकर मला अजून भेटायचा आहे!

एक गोष्ट मात्र बोरगावातच पाहावी. हा सगळा टापू जैनांचा. आचार्य शांतिसागर महाराज (१८७२-१९५५) जवळच्याच भोजचे. बहिणीच्या शेजारणी जैन, त्यांचे खाणे सूर्यास्ताच्या आत. म्हणून पाहुणे रात्री जेवणार असले तरी खजुराचा पहिला घाणा संध्याकाळी पाचलाच तव्यावर चढतो आणि आधी शेजारी जातो. वरून मध घालायची नवी टूम निघाली आहे, ती तिच्याकडे चालत नाही, कारण शेजारणींना मध वर्ज्य. दुसरा घाणा आमच्यासाठी, दिवे लागल्यावर.