मजकुरातील ओळीचा शोध : ‘ग्रेप’ आणि ‘सेड’ यांचा उगम

मजकुराच्या फाइलीतून हवी ती ओळ वेगळी काढणे हे युनिक्स प्रणालीच्या शेलमध्ये आज एका आज्ञेचे काम झाले आहे. ती आज्ञा देणाऱ्या अभ्यासकास तिचा उगम बहुधा ठाऊक नसतो. तो अंशतः एका ग्रंथकर्तृत्वाच्या वादाशी निगडित आहे, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

ओळ ओळखण्याचे मार्ग दोन : एक तिचा क्रमांक, दुसरा तिच्यातील मजकूर. पोथीतील ओवी आपण अध्याय व क्रमांक सांगून दाखवितो, किंवा एखादा शब्द आठवून हुडकतो. तसेच हे होय. पंचकार्डांच्या काळी ओळ वस्तुरूपच होती. ८० रकान्यांचे एक कार्ड म्हणजे एक ओळ. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत ज्या प्रणालीचा आरंभ झाला त्या युनिक्समध्ये मात्र फाइल ही चिन्हांची अखंड माळ मानली गेली. ओळ संपल्याची खूण म्हणून एक चिन्ह मध्ये येते, इतकेच. त्यामुळे शंभरावी ओळ कोठे आहे हे फाइलीवरून कळत नाही. आरंभापासून खुणा मोजीत जावे लागते.

दुसऱ्या मार्गाचे मूळ तर्कशास्त्रात आहे. स्टीफन क्लीनी यांनी मज्जातंतूंच्या जाळ्याचा गणिती विचार करताना ‘नियमित’ रचनांची जी कल्पना मांडली (१९५६ मध्ये प्रसिद्ध), तिचा उपयोग केन टॉम्प्सन यांनी मजकूर शोधण्याकडे केला. त्यांचा तद्विषयक निबंध १९६८ चा आहे. पुढे त्यांनी रचलेल्या ‘एड’ या संपादनसाधनात क्रमांक आणि आकृतिबंध हे दोन्ही मार्ग एकत्र आले.

आता वादाकडे वळू. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे हे त्यांचे कर्ते. परंतु १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मोस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ च्या ग्रंथात तो शब्दगणनेने मॅडिसनच्या बाजूने सोडविला. त्यांचा आधार थोर विचारांचा नव्हता. ‘अपॉन’सारख्या क्षुल्लक शब्दांचा होता. हॅमिल्टन हा शब्द वारंवार वापरी, मॅडिसन क्वचितच.

बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांना हेच निबंध संगणकावर तपासावयाचे होते. ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे ‘एड’ला तेवढा मजकूर पेलेना. तेव्हा टॉम्प्सन यांनी ‘एड’मधील शोधाचा भाग काढून स्वतंत्र आज्ञा केली. सर्वत्र शोधा, आकृतिबंध जुळवा, छापा, या ‘एड’मधील सूत्राची आद्याक्षरे जोडून ‘ग्रेप’ हे नाव पडले. १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ती दिसते.

त्यानंतर मॅकमहॉन यांनी स्वतःच ‘सेड’ रचले. ते संपूर्ण फाइल जवळ बाळगीत नाही. एकेक ओळ घेते, तपासते व पुढे सोडते. दहावी ओळ हवी असल्यास ‘१०’ या अंकापुढे छापण्याचे अक्षर ‘पी’ लिहावे. मात्र ‘एन’ हा पर्याय विसरल्यास सर्व ओळी छापल्या जातात आणि दहावी दोनदा! शिवाय ओळ मिळाल्यावरही ‘सेड’ फाइलीच्या अंतापर्यंत वाचीतच राहते. मोठ्या फाइलीत ‘क्यू’ या अक्षराने त्यास तेथेच थांबविणे शहाणपणाचे.

मराठी मजकुरात पहिला मार्ग निर्वेध आहे. १९९२ मध्ये टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी योजलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत ओळ संपविणारे चिन्ह देवनागरी अक्षराच्या पोटात कधीही येत नाही. क्रमांक चुकत नाही. दुसऱ्या मार्गात मात्र धोका आहे. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या संकेतक्रमांनी नोंदविता येतो. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. ‘ग्रेप’ मात्र आपण दिलेलेच रूप शोधते, आणि दुसऱ्या रूपाच्या ओळी निमूटपणे वगळते. कर्तृत्वनिर्णय जेथे एका अव्ययाच्या गणनेवर उभा असतो, तेथे शोधापूर्वी सर्व फाइल एकाच रूपात आणून घेतली पाहिजे.