बारकोडमधील माहितीचा क्रम : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ग्रंथालय, औषधालय व किराणा भांडार येथे बारकोड आता नित्य परिचयाचा झाला आहे. त्याचा विचार बहुधा वेगाच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखात मात्र माहितीचा क्रम कोण ठरवितो, या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

चिन्हातील क्रम

नॉर्मन जोसेफ वूडलँड व बर्नार्ड सिल्व्हर यांना अमेरिकेत ७ ऑक्टोबर १९५२ रोजी या कल्पनेचे पेटंट मिळाले. चिन्ह कोणत्याही दिशेने वाचता यावे, यासाठी त्यांनी समकेंद्री वर्तुळांची रचना सुचविली होती. १९७३ मध्ये स्वीकारलेल्या, आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी घडविलेल्या बारा अंकी यूपीसी चिन्हात निराळी योजना आहे. डावीकडील प्रत्येक अंकात काळ्या एककांची संख्या विषम, तर उजवीकडील अंकात सम असते. त्यामुळे वस्तू उलटी धरली, तरी यंत्र अंक मूळ क्रमानेच देते. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील दुकानात च्युइंगमचे पाकीट या पद्धतीने प्रथम विकले गेले.

स्कॅनरमधील क्रम

पुढे एकाच चिन्हात अनेक बाबी आल्या. जीएस१ पद्धतीत ०१ या संकेतांकानंतर वस्तूचा क्रमांक, १७ नंतर मुदतसमाप्तीची तारीख व १० नंतर बॅच क्रमांक येतो. संगणकातील रकाने मात्र याच क्रमाने असतातच असे नाही. अनेक स्कॅनर कळफलकाप्रमाणे काम करीत असल्याने आलेली अक्षरे सरळ चालू रकान्यात उमटतात. यावर उपाय म्हणून स्कॅनरलाच नियम देता येऊ लागले : अमुक अक्षरे वगळावीत, तमुक आधी पाठवावीत, नंतर टॅब किंवा एंटर द्यावा. हे नियम माहितीपुस्तिकेतील विशेष बारकोड ठराविक क्रमाने वाचवून यंत्राच्या स्मृतीत साठविता येतात.

याचे महत्त्व औषधाच्या तारखेवरून स्पष्ट होते. जीएस१ पद्धतीत तारीख वर्ष, महिना, दिवस अशी असते. २६११०५ म्हणजे ५ नोव्हेंबर २०२६. परंतु दिवस, महिना, वर्ष अशी अपेक्षा असलेली प्रणाली तिचा अर्थ २६ नोव्हेंबर २००५ असा लावील.

निष्कर्ष

क्रमाचा निर्णय चिन्हाच्या रचनाकाराकडून यंत्र वापरणाऱ्या संस्थेकडे आला आहे. तथापि हे नियम छापील चिन्हावर दिसत नाहीत आणि यंत्र बदलताच नाहीसे होऊ शकतात. म्हणून प्रत्येक संस्थेने त्यांची लेखी नोंद ठेवणे अगत्याचे आहे.